शकते

डिचोलीच्या बाजारामागे आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं,
आणि मार्गशीर्ष उलटला की
हेमू कुडणेकरांची कॅप्सूल.

डबी हिरवी, झाकण पांढरं, आत साठ नग.
सोबत आठ घड्यांचा एक कागद,
तीन भाषांत, मुंगीएवढ्या टायपात.
मराठी माझ्याकडे.

हळद, अडुळसा, पिंपळी, शिरीषाची साल.
शिरीष लिहिताना मला दरवर्षी
चौथीतला शिरीष आठवतो, मयेचा,
ज्याच्या शर्टाची उजवी बाही
थंडीभर ताठ असायची.
त्याचं औषध त्याच्याच नावात होतं म्हणे.
बाईंनी मात्र त्याला खिडकीपाशी बसवलं,
वाऱ्यात.

मी लिहिते :
हंगामी शिंकांचा त्रास कमी होण्यास
मदत होऊ शकते.

कुडणेकर चष्मा कपाळावर ढकलतात.
"बाय, तें 'शकते' काड गो.
माणूस दोनशे ऐंशी रुपये मोजतो,
ते काय 'शकते' वाचायला?"

मी म्हणते, ते काढलं
तर उरलेलं वाक्य तुम्हाला कोर्टात नेईल.
ते हसतात. हसता हसता शिंकतात.
एकामागून एक, सात.
मी मोजते. मोजायची सवय हाताला लागलीय,
ओळी, फर्मे, आता शिंका.

खिडकीसमोर डंप.
खनिज बोटीतून गेलं, राहिली ती नको असलेली माती.
तिचा डोंगर झाला.
तो घरांवर येऊ नये म्हणून
वर परदेशी बाभूळ लावली कंपनीने.
खाण बंद पडली, कंपनीचा फलकही कुणी विकून खाल्ला,
बाभूळ मात्र नोकरी सोडत नाही.
पौषात पिवळी होते,
आणि दुपारचा वारा सुटला की
अख्ख्या वाड्यावर रुमाल.

भिको टिप्परवाला म्हणतो,
तांबडी धूळ खाल्ली तेव्हा
फेरीमागे पैसे तरी सुटायचे.
ही पिवळी निव्वळ फुकट.
त्याचे डोळे अळूच्या पानावर ठेवलेल्या
फुटक्या टोमॅटोसारखे.
डबी घेऊन जातो, उधारीवर.

एफेमिया, आमची बाइंडर,
फार्मसीतली पांढरी गोळी घेते,
आणि कटिंग मशीनपाशी डुलक्या काढते.
तिची बोटं अजून दहाच्या दहा आहेत
ही सायबाची कृपा, असं तीच सांगते.
तिच्यासाठी मी कागदाच्या तळाशी
न विचारता एक ओळ घातली :
इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.
कुडणेकरांना ती दिसली नाही.
किंवा दिसली असेल.

आणि मी? घेते मी पण.
गेल्या वर्षी वहीत लिहून ठेवलं,
तीन आठवडे, रोजच्या शिंका.
अकरा, नऊ, चौदा, दोन, दोन, दहा.
दोनच्या दिवशी वाटलं, लागू पडलं.
मग आठवलं,
त्या दोन्ही दिवशी वारा समुद्राकडून होता.
वही मी अजून टाकलेली नाही.

"किती झाल्या?" कुडणेकर नाक पुसत विचारतात.
सात.
"काल नऊ होत्या."
ते प्रूफ उचलतात, दूर धरतात, जवळ धरतात.
बाहेर बाभळीच्या शेंगा वाजताहेत,
वळसे घेतलेल्या, कानासारख्या.
"ऱ्हांव दी तर," ते म्हणतात.
"आठ हजार काढ. शनिवारपर्यंत."

रात्री एफेमिया आणि मी घड्या घालतो.
आधी आडवी, मग उभी, अंगठ्याच्या नखाने दाबून.
तिसरी घडी नेमकी 'शकते'वरून जाते.
दर वर्षी हलवीन म्हणते ओळ,
दर वर्षी विसरते.

डबी उघडून कागद चार वेळा पाहणाऱ्याच्या हातात
पहिल्यांदा तोच शब्द झिजणार.
फार कुणी चार वेळा पाहत नाही.
भिको पाहतो.
परवा कागद घेऊन आला,
घडीवर बोट ठेवून म्हणाला,
हांगा कितें आशिल्लें?

मी सांगितलं.
तो बराच वेळ डंपकडे बघत राहिला,
मग शिंकला,
आणि म्हणाला, आणीक एक डबी दी.